गेलेल्यांचा वर्ग

चर्चच्या मंडळीत त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पाळकसाहेबांपासून शब्बाथ शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मेट्रनबाई म्हणत. अडतीस वर्षं त्यांनी इस्पितळात काढली होती, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी चालणं तेच होतं, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारल्यासारखं. बोलणंही तसंच मोजकं. त्या देवळात शिरल्या की बाकांवर रेललेली माणसं आपोआप ताठ बसत. "ताप बघायला आल्या," असं गायनवृंदातला एक जण म्हणायचा, पण त्यांच्या पाठीमागे.

त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो त्यांच्याच इस्पितळात, चौथ्या वॉर्डात वारला. त्या वेळी त्या पलीकडच्या इमारतीत चादरींची नोंद घेत होत्या. कुणीतरी धावत बोलवायला आलं. त्या आल्या, नवऱ्याचे डोळे स्वतःच्या हाताने मिटले, हनुवटीला पट्टी बांधली, रजिस्टरवर सही केली आणि परत जाऊन पाळी पूर्ण केली. तेव्हापासून 'धीराची बाई' हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच. तो धीर नव्हता, दुसरं काय करायचं ते सुचलं नव्हतं, हे त्यांना एकटीला ठाऊक होतं. पण असला शिक्का पुसून टाका असं कुणी म्हणत नाही, आणि त्याही म्हणाल्या नाहीत.

म्हणूनच चार वर्षांपूर्वी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या सभेत दुःखितांसाठी वर्ग सुरू करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. "मरण तुम्हांला नवीन नाही, बाई," पाळकसाहेब म्हणाले. मेट्रनबाई स्वतः वडीलमंडळात होत्या. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं.

मंडळीचं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार पानी पत्रक निघे. रविवारी साडेनऊला उपासना, त्याआधी शब्बाथ शाळा. मंगळवारी सकाळी महिलांचा शास्त्राभ्यास. शुक्रवारी आजाऱ्यांच्या भेटी, शनिवारी गायनाचा सराव. शेवटच्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर वाटून घेणं. आणि मधेच एक ओळ: 'बुधवार, सायंकाळी पाच, मागची खोली, दुःखितांचा वर्ग.' शेवटच्या पानावर आठवणीतल्या माणसांची नावं असत. दुसऱ्या रविवारी ती मोठ्याने वाचली जात आणि ज्याचं नाव वाचलं त्याच्या घरच्यांनी उभं राहायचं, अशी रीत होती.

मागची खोली म्हणजे शब्बाथ शाळेचीच खोली. खुर्च्या पोरांच्या, त्यामुळे मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसत. भिंतीवर रंगीत कागदाचं नोहाचं तारू होतं आणि त्यातल्या जिराफाची मान फाटून लोंबत होती. असल्या खोलीत माणसं आपापलं दुःख सांगत. एक निवृत्त बसड्रायव्हर होता. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि तो बहुधा गप्पच असे. दोन बहिणी होत्या, म्हातारी आई गेल्यापासून घरातली भांडी कुणी घासायची यावर भांडणाऱ्या आणि इथे एकमेकींचा हात धरून रडणाऱ्या. मेट्रनबाई मधोमध बसत, वेळ बघत, कुणी फार वाहवत गेलं तर पाण्याचा पेला पुढे करत. स्वतःचं काही सांगत नसत. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

त्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी, वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर, दार किलकिलं करून एक बाई आत आली. पन्नाशीची, वाळकी, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती इस्त्रीला होती. रिकाम्या खुर्चीच्या टोकावर बसली.

"तुमचं कोण गेलं?" मेट्रनबाईंनी नेहमीसारखं विचारलं.

"माझा मुलगा गेला," ती म्हणाली. "आठ वर्षं झाली."

"किती वर्षांचा होता?"

"तेविसावं लागलं होतं."

"आजारी होता?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग अचानक?"

"अचानकच म्हणायचं. सकाळी चहा घेतला, कप धुऊन पालथा घातला आणि गेला."

धाकटी बहीण हुंदका देऊन रडायलाच लागली. थोरली उठली आणि तिने त्या बाईला पोटाशी धरलं. बसड्रायव्हरने खिशातला रुमाल काढला, तो स्वच्छ आहे की नाही हे उलटसुलट करून पाहिलं आणि तिच्या मांडीवर ठेवला. लाँड्रीवाल्या बाईचं अंग आधी लाकडासारखं ताठ झालं. मग कुणीतरी आतून दोरी कापावी तशी ती सैल पडली आणि इतकी रडली की मेट्रनबाईंना घड्याळाकडे बघायचं भान राहिलं नाही.

वर्ग सुटल्यावर त्यांनी तिचं नोंदीचं कार्ड भरलं. नातं: मुलगा. काळ: आठ वर्षं. मयत, अचानक.

"प्रार्थनेत नाव घ्यायचं तर काय घेऊ?" त्यांनी विचारलं.

बाईने मांडीवरच्या रुमालाची घडी घातली. मग तिने मुलाचं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि ते कार्डावर उमटताना एकटक बघत राहिली.

दुसऱ्या रविवारी नावं वाचली गेली. त्याचं नाव आलं तेव्हा ती उभी राहिली आणि दोन्ही बाजूंनी दोघी बहिणींनी तिचे हात धरले. उपासनेनंतर दारात माणसांची रांग लागली. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं ती माणसंही दंडाला हात लावून जात होती. त्या आठवड्यात तिने प्रभुभोजनाच्या मेजाचं कापड घरी नेलं आणि अशी इस्त्री करून आणलं की घडीवर बोट फिरवलं तर कापेल. बुधवारी ती मुलाबद्दल भरभरून बोलली. तो चपला कधी जोडीने ठेवत नाही. त्याला थंडी सोसत नाही. मेट्रनबाईंच्या लक्षात आलं की ती 'नव्हता' म्हणत नाही, 'नाही' म्हणते. आया असंच बोलतात, त्यांनी मनाशी म्हटलं.

तिसऱ्या सोमवारी त्या भेटींची यादी घ्यायला मंडळीच्या कचेरीत गेल्या होत्या. टायपिस्ट बाई पोस्टात गेलेली. फोन वाजला म्हणून त्यांनीच उचलला.

"तुमच्या पत्रकात माझं नाव आलंय," एक तरुण आवाज म्हणाला. "शेवटच्या पानावर."

"कशाबद्दल?"

"मेलेल्यांत."

मेट्रनबाई खुर्चीत बसल्या.

"जुन्या शेजाऱ्याने फोटो काढून पाठवला. विचारत होता, बरा आहेस ना." तो हसला आणि हसता हसता खोकला. "मी म्हटलं, बरा आहे. अजून तरी."

"तुमच्या आईंनी..."

"तिनेच सांगितलं असणार, दुसरं कोण सांगेल? बाबा मारायचे मला. रोज नाही, पण मारायचे तेव्हा चांगलं मारायचे. ती स्वयंपाकघराचं दार आतून लावून घ्यायची. बाबा वारले तेव्हा मला वाटलं, आता तरी काही बोलेल. तर म्हणाली, मनाने वाईट नव्हते रे ते. त्यानंतर महिनाभर राहिलो. मग निघालो."

"एकदा बोलून बघा त्यांच्याशी."

"नाही. नाव काढून टाका. नाहीतर असू द्या. मेलेल्याला कुणी शोधत नाही, माझी सोयच आहे."

ती कशी आहे, एवढं तरी तो विचारेल म्हणून मेट्रनबाई थांबल्या. त्याने विचारलं नाही. फोन बंद झाला.

त्यांनी कपाटातून कार्ड काढलं. 'मयत' हे अक्षर त्यांचंच होतं. तो शब्द त्या बाईच्या तोंडून एकदाही आला नव्हता. ती म्हणाली होती, गेला. इस्पितळात नव्या नर्सांची याच शब्दावरून थट्टा चाले. बारा नंबरचा पेशंट गेला, असं कुणी सांगितलं की जुन्या नर्सा विचारायच्या, घरी गेला की वर गेला? अडतीस वर्षं हा विनोद ऐकून ज्यांचे कान किटले होते, त्यांनीच तो प्रश्न विचारला नव्हता.

दुपारी त्या लाँड्रीत गेल्या. लांबलचक खोली, वाफेने ओल्या भिंती आणि यंत्रांची इतकी घरघर की बोलायचं तर जवळ जावं लागे. बाई एकटीच एका मोठ्या चादरीची घडी घालायला झटत होती. मेट्रनबाईंनी काही न बोलता पलीकडची दोन टोकं धरली. दोघींचे हात त्या कामात मुरलेले. तीन चादरी झाल्यावर मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलाचा फोन आला होता."

चादर मधल्यामध्ये थांबली. बाईने आश्चर्य दाखवलं नाही, कानावर हातही ठेवले नाहीत.

"आवाज कसा होता?"

"चांगला होता."

"खोकत होता?"

"थोडा."

"होतो त्याला. हवा बदलली की होतोच."

"तुम्ही आम्हांला सांगितलं नाहीत," मेट्रनबाई म्हणाल्या.

"सांगितलं की. गेला म्हणाले." तिने टोकं जुळवली. "हेच वाक्य मी आठ वर्षं बोलतेय. शेजारी विचारायचे, का गेला? कुठे गेला? तुम्ही काय केलंत? त्या दिवशी तुमच्याकडे बोलले तर कुणी 'का' विचारलं नाही. उठून मला जवळ घेतलं. मग मला कळलं, तुम्हांला काय वाटलंय ते. मेलेल्याच्या आईला कुणी विचारत नाही, तू काय केलंस म्हणून." ती थांबली. "काय म्हणाला?"

नातेवाइकांशी मेट्रनबाई कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्याचा त्यांना अभिमान होता.

"नाव काढून टाका म्हणाला."

"आणि?"

इथे थांबता आलं असतं. पुढे कितीतरी दिवस त्यांना वाटत राहिलं की इथे थांबायला हवं होतं.

"दाराचं सांगितलं. स्वयंपाकघराच्या."

बाईने चादर छातीशी धरून तिची घडी केली, मग आणखी एक, मग आणखी एक, ती आता लहान होण्यासारखी नव्हती तरी. "दार मी लावायचे, खरं आहे. वाटायचं, मी मधे पडले तर ते जास्त मारतील. त्याला." यंत्राची घरघर मधे आली. "की मला. आता आठवत नाही."

मंगळवारी संध्याकाळी वडीलजनांची सभा होती. सभेचे चिटणीस कोर्टातले निवृत्त कारकून होते. मंडळीत ते कारकूनसाहेब म्हणूनच ओळखले जात. मेट्रनबाईंनी झालं ते सगळं सांगितलं. कारकूनसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"देवाच्या घरात आपण एका जिवंत माणसाला मेलेला म्हणून वाचलं."

"त्या 'गेला' म्हणाल्या होत्या," पाळकसाहेब म्हणाले. वयाने ते तरुण होते आणि कुणालाच दुखवायचं नसल्यामुळे बहुतेक वेळा सगळ्यांनाच थोडं थोडं दुखवत. "म्हणजे शब्दाचा घोटाळा आहे."

"पहिल्या दिवशी घोटाळा. नावाला उभ्या राहिल्या त्या दिवशी काय होतं?"

"कार्डावर मयत मी लिहिलंय," मेट्रनबाई म्हणाल्या. "काय लिहायचं ते माझ्यावर लिहा."

त्यावर काही लिहिलं गेलं नाही. बाईने स्वतःच वर्गात खरं सांगावं, म्हणजे बाहेर कुजबुज होणार नाही, असं ठरलं. निरोप पोचवायचं काम ओघानेच मेट्रनबाईंकडे आलं.

बुधवारी ती बरोबर पाचला आली. बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तिने चार वाक्यांत सांगून टाकलं: मुलगा जिवंत आहे, तो मला सोडून गेला, चूक माझी होती, तुम्हांला वाटलं ते मी वाटू दिलं. थोरल्या बहिणीने धाकटीचा हात घट्ट धरला. मग जो कधी बोलत नसे तो बसड्रायव्हर बोलला.

"तुमच्या पोरासाठी मी रोज गुडघे टेकले, बाई. माझे गुडघे दुखतात."

"माफ करा."

"माझी बायको मी या हातांनी मातीत ठेवली. ती आता फोन करणार नाही. तुमचा आला तर उचला म्हणजे झालं." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

तिने खुर्ची उचलून भिंतीशी रांगेत लावली आणि ती बाहेर गेली. मेट्रनबाईंना वाटलं, उठावं आणि तिच्या मागे जावं. तिची पावलं व्हरांड्यातून जाताना ऐकू येत होती. पण वर्ग सहापर्यंत होता. त्या सहापर्यंत बसल्या, पाण्याचे पेले भरले, शेवटची प्रार्थना केली, दिवे बंद केले. रस्त्यावर आल्या तेव्हा कुणी नव्हतं.

शुक्रवारी भेटींच्या यादीत त्यांनी स्वतःच तिचं घर घातलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाईने त्यांना बसायला सांगितलं, पण स्वतः उभीच राहिली.

"तुम्ही परत या वर्गाला," मेट्रनबाई म्हणाल्या. "लोक विसरतात."

"मला कशाला? माझं कोण आहे तिथे?" तिचा सूर रागाचा नव्हता, हिशेब मांडल्यासारखा होता. "जिवंत होता तो माझ्याच हातून हरवला. मेलेला होता तो तुम्ही लोकांनी दिलात आणि परत काढून घेतलात. दोन आठवडे का होईना, माझा मुलगा सगळ्यांचा होता. त्याच्या चपलांचं मी बोलत होते आणि लोक ऐकत होते. आता त्याच्या चपलांचं कुणाला सांगू?"

वॉर्डात उत्तर नसलं की मेट्रनबाई पेशंटची उशी नीट करत. इथे उशी नव्हती. त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"आणि तुमचं कोण गेलं," बाई म्हणाली, "ते तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. आमचं मात्र सगळं कार्डावर लिहून घेतलंत."

"नवरा," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य कितीही शोधलं तरी सापडेना. बाई थोडा वेळ वाट बघत उभी राहिली, मग आत जाऊन नळ सोडून काहीतरी धुऊ लागली. मेट्रनबाई उठल्या आणि जिना उतरल्या.

शेवटच्या रविवारी प्रभुभोजन होतं. ती येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण ती आली आणि दाराशेजारच्या शेवटच्या बाकावर बसली. तो बाक तिच्याशिवाय रिकामाच राहिला. या मंडळीत भाकर पुढे जाऊन घ्यायची नसते, वडीलजन तबक घेऊन बाकाबाकाशी जातात आणि तबक हातोहात सरकतं. डावीकडची रांग मेट्रनबाईंची होती. त्या एकेक बाक मागे सरकत शेवटी आल्या. तबक सरकवायला तिथे दुसरा हात नव्हता. त्यांनी ते वाकून तिच्यापुढे धरलं.

"नको," ती हळू म्हणाली. "मला जमणार नाही."

घेतलं नाही तर पुढे जायचं, असा नियम होता. पुढे बाक नव्हता. मागे वळून मेजाकडे जायचं, एवढंच उरलं होतं. मेट्रनबाई वाकलेल्याच राहिल्या. त्यांची पाठ दुखायला लागली. ऑर्गनवरची धून संपली, समोरच्या दोन ओळींतल्या माना वळल्या. मग मेट्रनबाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या, तबक मांडीवर घेऊन. मेजाशी उभे असलेले पाळकसाहेब एका तबकाची वाट बघत राहिले. कारकूनसाहेबांनी एकदा घसा खाकरला. त्या दोघी समोर बघत होत्या. भाकर दोघींपैकी कुणीच घेतली नाही. शेवटी एक दुसरा वडील मागे आला आणि काही न बोलता तबक घेऊन गेला, आणि उपासना पुढे सुरू झाली.

संपल्यावर माणसं बाहेर पडली. काहींनी मेट्रनबाईंना नमस्कार केला, तिला केला नाही. बसड्रायव्हर त्या बाकापाशी थांबला, टोपी हातात फिरवली आणि निघून गेला. नंतर पाळकसाहेबांनी मेट्रनबाईंना विचारलं, बरं वाटत नव्हतं का. त्या म्हणाल्या, नव्हतं.

नव्या पत्रकाच्या शेवटच्या पानावरून ते नाव निघालं. कारकूनसाहेबांना त्याखाली 'दुरुस्ती' म्हणून एक ओळ छापायची होती. मेट्रनबाईंनी ती कच्च्या प्रतीवर स्वतः खोडली आणि त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. वर्ग चालू राहिला. दोघी बहिणींपैकी आता एकच येते. मुलाचा फोन पुन्हा आला नाही. लाँड्रीवाली बाई देवळात त्यानंतर दिसली नाही.

मेट्रनबाई दर शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावर चढतात. कधी ती घरात असते. मग दोघी खिडकीशी बसतात आणि लाँड्रीतल्या नव्या यंत्राबद्दल किंवा मेट्रनबाईंच्या पाठीबद्दल बोलतात. मुलाचा विषय ती काढत नाही, आणि त्याही काढत नाहीत. कधी आतून नळाचा आवाज येत असतो आणि तरी दार उघडत नाही. तेव्हा मेट्रनबाई जिन्यावर दहा मिनिटं थांबतात, यादीतलं पुढचं नाव बघतात आणि खाली उतरू लागतात.